एकशे सोळा कड्या

आमच्या चढाला तीन वळणं आहेत आणि तिसऱ्या वळणावर रोज सकाळी मी उभी असते, धक्का द्यायला. मामंजी खालून मोटरसायकल घेऊन येतात, दोन्ही बाजूंना दुधाचे दोन-दोन कॅन, काठोकाठ भरलेले. त्या वळणावर गाडीचा दम सरतो. मी मागून खांदा लावते, दहा-बारा पावलं ढकलते, की गाडी निघते. मामंजी एक हात वर करतात आणि मागे न बघता पुढे जातात. हात वर केला म्हणजे शाबासकी, असं मी धरून चालते. तोंडाने कौतुक करणं त्यांच्या रक्तातच नाही.

आधी हे काम वन्संचं होतं. त्या घर सोडून गेल्या आणि वळण माझ्याकडे आलं.

आमची वस्ती खाली खोलगटात, नऊ घरांची. नऊ घरांचं दूध आमच्या एका गाडीवर वर जातं, माथ्यावरच्या डेअरीत. नऊच्या आत पोचलं तर दूध, नऊनंतर पोचलं तर तुमचं तुम्ही बघा. थंडीत थोडं इकडेतिकडे चालतं. या उन्हाळ्यात साडेआठलाच कॅनला हात लावला की चटका बसायचा, त्यामुळे डेअरीवाला घड्याळ हातात घेऊनच बसायचा.

त्या दिवशी गाडी वळणावर आली, मी खांदा लावला, आणि कट्ट असा आवाज झाला. इंजिन नुसतंच ओरडायला लागलं आणि गाडी माझ्या अंगावर मागे. चेन उडाली होती. मी पाय रोवून उभी राहिले, मामंजींनी दोन्ही ब्रेक दाबले, तरी एका कॅनचं झाकण निसटलं आणि दूध माझ्या गुडघ्यांवरून खाली वाहत गेलं. पोटरीला सायलेन्सरचा चटका बसला तो वेगळाच. मामंजींनी काटकीने चेन परत दात्यांवर चढवली, गाडी चालू केली, ती पुन्हा उतरली. असं तीनदा. डेअरीत पोचेपर्यंत सव्वानऊ झाले. डेअरीवाल्याने झाकण उघडलं, नाक खाली नेलं आणि कॅन पायाने बाजूला सरकवला. चारही कॅन, एकामागून एक, पायाने.

मामंजी साधे गृहस्थ नाहीत. पाखरू अंगणात जास्त वेळ ओरडलं तर त्याच्याशी भांडतील. पण त्या दिवशी त्यांनी चकार शब्द काढला नाही. वाकून कॅन उचलले आणि गाडीला लावले. मला त्या माणसापेक्षा मामंजींच्या गप्प राहण्याचा राग आला, आणि घरी येईपर्यंत तो राग उतरून नुसतंच वाईट वाटायला लागलं.

घरी येऊन त्यांनी गाडी स्टँडवर उभी केली आणि मला बोलावून मागचं मोठं चाक दाखवलं, दात्यांचं. स्प्रॉकेट म्हणतात त्याला. दाते झिजून आकड्यासारखे एकीकडे वाकले होते. मागून चेन ओढून बघितली तर ती दात्यांवरून बोटभर उचलली जात होती. पुढचंही तसंच, चेनही तशीच. तिन्ही एकदम बदलायला हवीत, नाहीतर जुनं नव्याला खातं, असं ते म्हणाले. नऊ घरांचं दूध दोन दिवस आमच्या ह्यांनी आणि मी डोक्यावरून वर नेलं. मान कशी दुखते ते विचारू नका.

त्याच दिवशी दुपारी वन्संचा फोन आला होता. महिन्यातून एकदा त्या मला करतात. मी गोठ्यामागे जाऊन बोलते, चोरी केल्यासारखी. त्या म्हणाल्या, वहिनी, यांना परदेशात काम मिळालंय, दुकान मोडतोय, पंधरा दिवसांत निघणार, करार चार वर्षांचा आहे. मधे येता येणार नाही. एवढं सांगून त्यांनी गाईची चौकशी केली, माझ्या पोटरीची केली, ह्यांच्या खोकल्याची केली. बापाचं नाव काढलं नाही. फोन ठेवताना मात्र विचारलं, चेन अजून तीच का गाडीला?

ही गोष्ट मी मुद्दाम जेवताना सांगितली, सगळे ताटावर असताना. ताटावरून कुणी उठून जात नाही, निदान आमच्याकडे नाही. ह्यांचा घास हातातच राहिला. मामंजी म्हणाले, मीठ दे. मी मीठ दिलं. त्यांनी जेवण संपवलं, हात धुतला आणि अंगणात जाऊन गाडीपाशी उकिडवे बसले. बराच वेळ ते मागचं चाक हाताने फिरवत होते. चेन तर काढून ठेवलेली होती, चाक नुसतंच फिरत होतं.

तीन वर्षांपूर्वी काय झालं ते थोडक्यात सांगते. माथ्यावरच्या फाट्यावर एक पंक्चरवाला बसायचा. माणूस चांगला, हाताला गुण होता, पण घरदार नव्हतं, खोलीसुद्धा दुसऱ्याची. वन्संनी त्याच्याशी लग्न ठरवलं ते बापाला न विचारता. मामंजींनी घर डोक्यावर घेतलं. वन्सं पिशवी घेऊन निघाल्या तेव्हा ते फाटकात उभे राहून म्हणाले, या घरात परत पाऊल टाकायचं नाही. त्या म्हणाल्या, बोलावल्याशिवाय टाकणार नाही. दोघांनीही शब्द पाळला. असले शब्द पाळणारी माणसं मला अजिबात आवडत नाहीत.

त्यानंतर रोज डेअरीतून परतताना मामंजी माथ्यावर थांबायचे. मी तिसऱ्या वळणावर दगडावर बसलेली असायचे, रिकामे कॅन धरायला, तिथून दिसायचं. ते इंजिन बंद करायचे आणि पलीकडच्या सपाट रस्त्याकडे बघत उभे राहायचे, दहा मिनिटं तरी. तो रस्ता ऐंशी किलोमीटरवर वन्संच्या गावाला जातो. खाली आल्यावर विचारलं तर म्हणायचे, इंजिन थंड करत होतो. उतारावर कसलं आलंय इंजिन तापणं.

मी एकदा म्हटलंही होतं, जाऊन या ना एकदा. तर म्हणाले, ही गाडी चढाची आहे, सपाटीला चाळीसच्या वर गेली की हिचा जीव निघतो, ऐंशी किलोमीटर ओरडत न्यायची का? ते खोटं नव्हतं. पुढे तेरा दाते, मागे पंचेचाळीस, चढासाठी त्यांनीच बसवून घेतलेले. पण बस दिवसातून दोनदा जाते, हे मी सांगितलं. त्यावर म्हणाले, बसने गेलं की परत कधी निघायचं ते बस ठरवते. गाडी असली की माणूस केव्हाही तोंड फिरवून निघू शकतो. तेव्हा मला कळलं की ते गेलेले नसले, तरी परत यायचा विचार त्यांनी पुरता करून ठेवलाय.

तर तिसऱ्या दिवशी मी आणि मामंजी फाट्यावरच्या पार्टच्या दुकानात गेलो. जुनी चेन पोत्यात घालून नेली होती. पार्टवाला मोठा बोलका. काउंटरवर तीन वस्तू मांडून म्हणाला, पुढचं तेरा, मागचं पंचेचाळीस, चेन एकशे वीस कड्यांची येते, तुमच्या गाडीला किती कड्या लागतात तेवढ्या ठेवून बाकीच्या काढतो. किती कड्या? मामंजी म्हणाले, मोजायच्या कशाला, जुनी आणलीय की. दोन्ही चेन त्यांनी खिळ्यावर शेजारी-शेजारी टांगल्या, जुनीच्या टोकाशी बोट ठेवलं आणि म्हणाले, इथे तोड. पार्टवाल्याने पिन ठोकली आणि चार कड्या काढल्या.

एरवी मामंजी असं न मोजता तोडायला लावणारे नाहीत. हा माणूस दूध मापताना फेस बसेपर्यंत थांबतो. पण त्या दिवशी त्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं. काउंटरच्या काचेखाली पुढची स्प्रॉकेटं मांडलेली होती, चौदा, पंधरा, सोळा. त्यांनी सोळाचं बाहेर काढायला लावलं, हातात घेतलं, दात्यांवरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडे पाठ करून हळूच विचारलं, हे लावलं तर सपाटीला किती जाईल. पार्टवाला सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाला, काका, या वयात शर्यत लावताय की काय कुणाशी? दोन गिऱ्हाइकं हसली. मामंजींचे कान लाल झाले. त्यांनी सोळाचं काचेवर ठेवलं, एका बोटाने लांब सारलं आणि पिशवी उचलून बाहेर पडले.

मी पायरी उतरले आणि म्हटलं, चेनचं लॉक राहिलं वाटतं, बघून येते. आत जाऊन ते सोळाचं घेतलं, फडक्यात गुंडाळलं आणि पिशवीच्या तळाशी घातलं. पार्टवाला परत काही बोलायच्या तयारीत होता, पण मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने नुसतीच पावती फाडली.

संध्याकाळी अंगणात काम सुरू झालं. मामंजींनी दोन्ही नवीन स्प्रॉकेटं बसवली, चेन चढवली, तिची दोन टोकं जोडणारं लॉक लावलं. लॉकची बंद बाजू चेन धावते तिकडे, उघडी मागे, हे मला वन्संनी शिकवलं होतं, आणि वन्संना मामंजींनी. मग चेन ताणायला चाक मागे ओढलं. चाक खाचेत मागे-मागे जात राहिलं आणि पार टोकाजवळ जाऊन टेकलं, तेव्हा कुठे चेन नीट झाली. नवी चेन, आणि चाक आत्ताच टोकाला. पुढे चेन ढिली होत जाणारच, मग ताणायला जागा कुठे? मामंजी उठून उभे राहिले, परत बसले. शेवटी शेजारच्या फिटरला हाक मारली.

फिटर आला, बघितलं, आणि मला म्हणाला, वहिनी, कड्या मोजा बरं. मी खडूने खूण केली आणि एकेक मोजल्या. एकशे सोळा भरल्या. फिटर म्हणाला, या गाडीला एकशे चौदा लागतात, दोन जास्त झाल्या. मग त्याने जुनी पोत्यातून काढून मोजायला लावली, तर ती बरोबर एकशे चौदा. तरी लांबी नव्या एकशे सोळाइतकी. काका, जुनी चेन धरून नवी मापतात का, तो म्हणाला, प्रत्येक पिन केसाएवढी झिजते, एकशे चौदा केस जमले की दोन कड्या होतात. मामंजी मान खाली घालून बसले होते. आयुष्यभर दुसऱ्यांना कड्या मोजायला लावणाऱ्या माणसाला असं ऐकून घ्यावं लागणं, वाईटच ते.

हरकत नाही, म्हणत फिटरने लॉक काढलं, चेन लाकडी ओंडक्यावर धरली, पंच लावला आणि हातोडी उचलली. दोन कड्या काढल्या की झालं.

मी म्हटलं, थांबा, कापू नका.

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी घरात गेले, फडकं आणलं आणि सोळाचं स्प्रॉकेट ओंडक्यावर ठेवलं. फिटरला विचारलं, हे पुढे लावलं तर एकशे सोळा कड्या बसतील का? त्याने हातोडी खाली ठेवली. जरा वेळ दोन्ही स्प्रॉकेटांमधे बघितलं, बोटांवर काहीतरी हिशेब केला. मग म्हणाला, छान बसतील, चाक खाचेच्या मधोमध येईल. पण एकशे चौदा केल्या तर हे सोळाचं बसायचंच नाही, चेन पोचणार नाही. आणि कापलेली चेन दुसरं लॉक घालून जोडायची असेल तर मला सांगू नका, चार कॅन घेऊन चढावर दोन लॉकची चेन मी नाही लावणार.

म्हणजे चेन आत्ता कापली असती, तर गाडी कायमची चढाचीच राहिली असती. नाही कापली, तर तेरा लावून दूध वर नेता येईल आणि सोळा लावून सपाटीला लांब जाता येईल. तेराचं असताना चाक टोकाला राहील आणि वर्षभर जायची चेन चार-सहा महिन्यांत बदलावी लागेल, एवढंच. फिटर म्हणाला, बदलायला अर्धा तास, गिअरचा दांडा काढायचा, झाकण काढायचं, दोन बोल्ट. हे तुमचे तुम्ही ठरवा.

आमचे हे गोठ्याच्या दारात उभे राहून सगळं ऐकत होते. मला वाटलं, आता म्हणतील की कशाला हा उद्योग, दूध आधी. बोलायला लागले की ते तसंच बोलतात. पण ते म्हणाले, "कापू नका. जाऊ दे बाबांना. ते जातील, मग आपण जाऊ, म्हणून मीही तीन वर्षं बसलोय."

मामंजींनी कुणाकडे बघितलं नाही. सोळाचं उचललं, फडक्याने पुसलं, आणि मला म्हणाले, पाना दे.

दोन दिवस त्यांनी तेरावरच दूध नेलं, चेन बसायला. तिसऱ्या दिवशी साडेनऊला डेअरीतून आले आणि अर्ध्या तासात पुढचं स्प्रॉकेट बदललं. धुतलेला सदरा घातला. दाढी करताना हनुवटीला कापून घेतलं. रस्त्यात खायला मी डबा दिला आणि वन्संसाठी घरच्या तुपाची बरणी दिली. ती त्यांनी पिशवीत अशी ठेवली जशी ती फुटणारच आहे. निघताना म्हणाले, संध्याकाळच्या धारेला येतो. मी म्हटलं, नाही आलात तरी चालेल, राहा. गाडी वर गेली. रिकामी असल्याने वळणावर धक्का लागला नाही, पण मी गेले होते आपली. माथ्यावर आवाज बदलला, पुढे सपाटीवर लांब होत गेला, आणि मला एकदम रडू आलं. तिथे कुणी नव्हतं, त्यामुळे मी रडून घेतलं.

ते खरंच धारेच्या वेळेला परत आले. ऊन उतरलं होतं. गाडी उभी केली, हेल्मेट काढलं. तोंड धुळीने भरलेलं, डोळे लाल. गाडी कशी गेली विचारलं तर म्हणाले, उत्तम, पन्नासला आवाजसुद्धा नाही. वन्सं कशा आहेत विचारलं. "बरी आहे. जरा वाळलीय," एवढं म्हणून ते पाने आणायला गेले. आमचे हे दूध काढता काढता खूश होऊन काहीतरी गुणगुणत होते. मी गाडीला अडकवलेली पिशवी आत न्यायला उचलली, तर ती जड लागली. तुपाची बरणी आतच होती.

तेवढ्यात माझा फोन वाजला. या वेळी मी गोठ्यामागे गेले नाही. वन्संनी विचारलं, बाबा पोचले का घरी? मी म्हटलं, पोचले आत्ताच.

मग त्या म्हणाल्या, "दुकानासमोरच्या चहाच्या टपरीवर बसले होते, वहिनी. तास-दीड तास. दोनदा उठले, रस्त्याच्या कडेपर्यंत आले, परत जाऊन बसले. मी काउंटरवरून बघत होते. ह्यांनी खुर्ची पुसून ठेवली होती. मी म्हटलं, येतील, एवढ्या लांब आलेत तर येतील. आणि मग गाडीच चालू झाली."

मी विचारलं, तुम्ही का नाही गेलात बाहेर? त्या म्हणाल्या, "मला वाटलं, मी बाहेर आले आणि त्यांनी तोंड फिरवलं तर? नाही सोसणार मला."

मला इतका राग आला दोघांचाही. ऐंशी किलोमीटर तोडून जायचं आणि वीस पावलांसाठी अडायचं. आणि ही बया आतून बघत बसली, पुढच्या आठवड्यात चार वर्षांसाठी जाणार असताना. फोन तसाच हातात धरून अंगणात आले.

मामंजी गाडीशेजारी जमिनीवर बसून झाकणाचे बोल्ट काढत होते. सोळाचं उतरवून तेराचं लावायला, सकाळच्या दुधासाठी.

मी म्हटलं, मामंजी, तो पाना खाली ठेवा. त्यांनी विचारलं, मग उद्याचं दूध? गोठ्यातून आमचे हे म्हणाले, उद्याचं दूध आम्ही डोक्यावरून नेतो. मी फोनचा आवाज मोठा केला आणि तो त्यांच्यासमोर धरला. त्यांनी आधी फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. हात ग्रीसने काळे झाले होते, ते त्यांनी धुतलेल्या सदऱ्यालाच पुसले. फोन मात्र हातात घेतला नाही. मीच धरून उभी राहिले.

"बाबा," वन्सं म्हणाल्या.

मामंजी फोनकडे थोडे वाकले. मग मामंजी म्हणाले, "रस्ता ओलांडायला जमलं नाही गं मला."

"मग उद्या या," वन्सं म्हणाल्या. आवाज चिरकत होता, पण बोलल्या स्पष्ट. "मी टपरीच्या बाजूला येऊन उभी राहते. तुम्हाला ओलांडायलाच नको."

मामंजींनी मान हलवली. एकदा हलवली, मग परत-परत हलवत राहिले. फोनवरून ते दिसत नाही, म्हणून मीच सांगितलं, येताहेत.